तिसऱ्या नावाची परवानगी

१

एवारिस्तो लुना डायलिसिसच्या खुर्चीतच गेला. सकाळचे सव्वाअकरा वाजले होते. आल्ता ग्रासिया गावातल्या दवाखान्यात खिडकीशेजारची खुर्ची त्याची ठरलेली. अठ्ठावन्न किलोचा माणूस, जन्मभर बस चालवलेला. यंत्राने त्याच्या रक्तातून तासाला अठराशे मिलिलिटरच्या वेगाने पाणी ओढून काढलं. त्या यंत्राला तासाला हजारच्या वर जायची मुभाच नव्हती.

तरीही ते गेलं.

तीन आठवड्यांनी, एका मंगळवारी, न्यायालयाने नेमलेल्या तज्ज्ञ एर्मिंदा बुस्तोस यंत्र बनवणाऱ्या कंपनीच्या दारात उभ्या राहिल्या. कोर्दोबा शहराच्या दक्षिणेला, कालव्याच्या काठी, कंपनीची काचेची इमारत होती. दारावर काळी फीत लावलेली. फितीखाली छापील कागद: ‘आम्ही शोकात आहोत. दोषी कर्मचाऱ्यास तात्काळ कमी करण्यात आले आहे.’

एर्मिंदाबाईंनी तो कागद दोनदा वाचला. एकसष्ट वर्षांची बाई, तीस वर्षं सरकारी इस्पितळांतली यंत्रं तपासण्यात गेलेली. रविवारी चॅपलमध्ये पास्तर गिटार घेऊन प्रवचन गाऊ लागला की हिचा आवाज सगळ्यांच्या वर चढायचा. पण आता घशात आलं ते गाणं नव्हतं.

“दोषी कोण ते न्यायालय ठरवणार,” त्या दारावरच्या पोऱ्याला नव्हे, त्या कागदालाच म्हणाल्या, “आणि ह्यांनी छापूनसुद्धा टाकलं!”

कागदावर नाव नव्हतं, पण ते सगळ्या शहराला ठाऊक झालं होतं. ऐलेन सेबायोस. वय सत्तावीस. यंत्राच्या प्रोग्राममधला मर्यादेचा भाग तिने लिहिला होता. शुक्रवारी सकाळी नऊला सरकारी वकीलबाई तिच्यावर निष्काळजीपणे मृत्यू घडवल्याचा आरोप ठेवणार होत्या. एर्मिंदाबाईंच्या हातात तीन दिवस होते.

२

तांत्रिक संचालक रेयनाल्दो स्ट्राडा हसतमुखाने सामोरे आले. पांढरा शर्ट, बाह्या नीट दुमडलेल्या.

“बसा, दोन्या एर्मिंदा,” बाईंना तिथल्या रीतीने आदराची हाक मारत ते म्हणाले. “दुःखद गोष्ट आहे, पण सोपी आहे. दहा मिनिटांत सांगतो.”

“मला तीन दिवस आहेत. सावकाश सांगा.”

त्यांनी फळ्यावर एक चौकोन काढला. “हा आमच्या प्रोग्राममधला एक क्लास, म्हणजे कोडचा एक बंद कप्पा. नाव ‘मर्यादा’. त्याच्या पोटात एक आकडा आहे, तासाला हजार. तो प्रायव्हेट आहे. बाहेरच्या कुठल्याही कोडला तो दिसत नाही, बदलता येत नाही. बदलायचा तर एकाच दारातून, दोन परिचारिकांनी आपापली किल्ली फिरवून. आणि ते दार उघडलं की यंत्र नोंद करतं.”

“त्या दिवशीची नोंद?”

“नाही. दार उघडलंच नाही. दहाच्या नोंदीला हजार, अकराच्या नोंदीला अठराशे.”

“म्हणजे कुणी दार सोडून थेट आत हात घातला.”

“बरोबर. आणि ते कुणालाही जमत नाही. क्लासनेच आपल्या पोटात लिहून ठेवावं लागतं, की अमका माझा फ्रेंड, ह्याला आत येऊ द्या. बाहेरच्याला तो हक्क मागून घेता येत नाही. घरच्यानेच द्यावा लागतो.” स्ट्राडांनी चौकोनात तीन नावं लिहिली. “हे तिघे. ‘पडदा’, म्हणजे आकडे दाखवणारा भाग. तो फाब्रिसियोने लिहिला. ‘आठवण’, वीज गेली तर जुना आकडा परत आणून ठेवणारा भाग. तो ऐलेनने लिहिला. आणि ‘चाचणी’. ती इथल्या प्रयोगशाळेत चालते, दवाखान्यातल्या यंत्रात नसतेच.”

“मग पडदा का नाही?”

“त्या दवाखान्यात नवं मॉडेल आहे. त्यातला पडदा जुन्या पडद्यापासून निघालेला, त्याचा लेक म्हणा. आणि बापाला दिलेली परवानगी लेकाला वारशाने मिळत नाही. भाषेचा नियमच आहे. राहिली ‘आठवण’. राहिली ऐलेन.” त्यांनी खडूची धूळ झटकली. “ती पोरगी हुशार होती. मीच तिला विद्यापीठात शिकवलं. वाईट वाटतं.”

वाईट वाटणाऱ्या माणसाचा चेहरा एर्मिंदाबाईंनी इस्पितळांच्या बाकांवर पुष्कळ पाहिला होता. तो असा नसतो.

“ह्या तीन नावांची ओळ कुणी लिहिली?”

“ऐलेनने. सगळा क्लासच तिचा. त्या फाइलला त्यानंतर कुणी बोटही लावलेलं नाही. इतिहास तपासा.”

त्यांनी तपासला. अक्षरही बदललेलं नव्हतं. हिशेब चोख होता. जरा जास्तच चोख.

३

ऐलेन आईच्या घरी, मागच्या अंगणात बसली होती. येर्बाच्या कडू चहाचा भोपळा हातात होता, पण नळी ओठाला लावायचं भान नव्हतं.

“तुम्ही पण विचारायला आलात, की मी माणूस का मारला?”

“मी विचारायला आलेय, की ‘आठवण’ कधी जागी होते?”

पोरीने मान वर केली. तीन आठवड्यांत तिला कुणी कामाचा प्रश्न विचारला नव्हता.

“यंत्र सुरू होताना. एकदाच. जुना आकडा आणते, जागेवर ठेवते आणि झोपते.”

“यंत्र त्या दिवशी सात वाजून दहा मिनिटांनी सुरू झालं. पुन्हा बंद झालंच नाही. वीज गेली नाही. मी नोंद पाहिली.”

“मग दहानंतर आठवण आकडा बदलूच शकत नाही!” ऐलेन उठूनच उभी राहिली. “हे मी त्यांना पहिल्या दिवशी सांगितलं! स्ट्राडा म्हणाले, तू आता भावनेच्या भरात आहेस. मला इमारतीत शिरू दिलं नाही. माझा लॅपटॉप काढून घेतला. आणि आई बेकरीत गेली तर लोक पाव घेऊन बाजूला सरकतात. बाजूला सरकतात, दोन्या!”

“ओरड पोरी, ओरड. मी कोर्टाची आहे, मला ओरडता येत नाही. माझ्या वाटचंही तूच ओरड.”

ऐलेन हसली आणि लगेच रडली. भोपळ्यात गरम पाणी ओतून तिने तो एर्मिंदाबाईंकडे सरकवला.

“मग आत शिरलं कोण?” एर्मिंदाबाई म्हणाल्या. “पडदा नाही. आठवण नाही. चाचणी यंत्रात नाही. तिघेही नाहीत. आणि चौथ्याला वाट नाही.”

“नाहीच. मी रात्रंदिवस तेच मोजतेय.”

परत जाताना त्यांनी दवाखान्यातल्या मुख्य परिचारिकेला फोन लावला. सेलेस्ते नाव तिचं.

“आम्हाला चौथी पाळी लावायची होती,” सेलेस्ते म्हणाली. “लोक ताटकळत बसलेले, खुर्च्या कमी. म्हणून चारऐवजी तीन तासांत आटपायची वेळ घातली. एरवी यंत्र नाही म्हणतं. म्हणतं, वेळ वाढवा. आम्ही त्याच्या नाहीवर विसंबून असतो, बाई. त्या दिवशी ते नाही म्हणालंच नाही.”

“त्या सकाळी बाहेरचं कुणी आलं होतं?”

“वॉल्टर आला होता, कंपनीचा सर्व्हिसवाला. गाळणी साफ करायला.”

“साफ केली?”

“आता विचारताय म्हणून सांगते. त्याने झाकण उघडलंच नाही. हत्यारांची पेटीही नव्हती. लॅपटॉप जोडून बसला होता, आणि एका हाताने क्रियोयितो पाव खात होता.”

४

वॉल्टर पिसारो म्हणजे दोन माणसांचं अंग आणि चार माणसांची जीभ.

“कोडमधलं मला काय कळतंय, दोन्या? मी पेचकसाचा माणूस. हां, इथल्या सगळ्यांना नावं मात्र मी ठेवलीत. फाब्रिसियो म्हणजे ओली काडेपेटी, पेटतच नाही. स्ट्राडा म्हणजे लिफ्टमधला आरसा. सगळ्यांकडे बघतो, लक्षात कुणालाच ठेवत नाही.”

“आणि ऐलेन?”

हसू मावळलं. “टाचणी. बारीक, पण बोचली की कळतं.” त्याने नजर वळवली. “चांगली पोर होती.”

“होती का? ती जिवंत आहे, वॉल्टर.”

“तसं नाही हो म्हणायचं मला...”

“त्या दिवशी पेटी न घेता पेचकसाचा माणूस काय करत होता?”

“यंत्राची माहिती उतरवून घेत होतो. नेहमीचंच.” आणि त्याला एकाएकी दुसरीकडे काम निघालं.

ओली काडेपेटी आपल्या खोलीत कानाला हेडफोन लावून बसली होती. फाब्रिसियोला पाच प्रश्न विचारले, पाचही उत्तरं “माहीत नाही” अशी आली. सहावा प्रश्न एर्मिंदाबाईंनी नुसता बोलण्याच्या ओघात टाकला.

“चाचण्या कुणी चालवतं का अजून? ऐलेन गेल्यावर?”

“मीच. सकाळी एकदा. आता नीट चालतात. मार्चमध्ये अर्धा दिवस सगळं अडकलं होतं.”

“का?”

“आठवत नाही नीट. जोडणी करताना संगणक अडून बसला. म्हणाला, एकाच नावाचे दोन क्लास आहेत, मी कुठला घेऊ? मग इंजिनिअर स्ट्राडांचा निरोप आला, की सर्व्हिसच्या फाइल्स चाचणीत जोडू नका. वगळल्या. चाललं.”

“कुठल्या नावाचे दोन?”

“ते नाही पाहिलं. सांगितलं ते केलं.”

एर्मिंदाबाई खुर्चीवरून उठल्या नाहीत. मार्चमधल्या त्या निरोपाची प्रत मागून घेतली. स्ट्राडांच्या नावाचा, दोन ओळींचा निरोप. मग त्यांनी न्यायालयाच्या कोठारातलं ते यंत्र मागवलं. मोहोरबंद, लुनाच्या खुर्चीशेजारून उचललेलं. गुरुवारी दुपारी न्यायालयाच्या माणसासमोर मोहोर तोडली, आणि यंत्राच्या पोटातल्या प्रोग्राममध्ये कोणकोणते क्लास आहेत त्यांची यादी बाहेर काढायला लावली. प्रयोगशाळेतली फाइल काय सांगते ते त्यांना आता नको होतं. यंत्र स्वतः काय सांगतं ते हवं होतं.

चारशे बारा नावं निघाली. त्या बोट ठेवून एकेक वाचत गेल्या.

तीनशे सहाव्यावर बोट थांबलं. जे नाव दवाखान्यातल्या यंत्रात असायलाच नको होतं, ते तिथे होतं.

चाचणी.

५

आधी फोन. तपास, आरोप, शुक्रवार, सगळं मागाहून.

“सेलेस्ते, ह्या कंपनीची सगळी यंत्रं आत्ता बंद कर. आत्ता. ज्यांच्या नळ्या लागल्यात त्यांच्या काढ. वरून कुणी विचारलं तर न्यायालयाचं नाव सांग.”

“पण बाई, बाकीचे रुग्ण...”

“मोठ्या इस्पितळाला मी कळवते. बंद कर!”

मग त्यांनी दुसऱ्या दवाखान्याला फोन केला, तिसऱ्याला केला, आठव्याला केला. न्यायालयाचा माणूस नुसता पाहत राहिला. फोन ठेवून त्यांनी वॉल्टरला बोलावणं धाडलं. वॉल्टर आला तो घामाने निथळत.

“वॉल्टर, ऐक. चाचणी नावाचा खरा क्लास ऐलेनने लिहिला. तो फक्त तुमच्या प्रयोगशाळेत राहतो. दवाखान्यातल्या यंत्रात ते नाव रिकामं. पण मर्यादेच्या पोटातली ओळ तशीच आहे: चाचणी आली तर आत येऊ द्या. ती ओळ नाव पाहते. कुणी लिहिलंय ते पाहत नाही. मग एका माणसाने काय केलं? यंत्रात जाणाऱ्या सर्व्हिसच्या फाइल्समध्ये एक नवी फाइल उघडली, तिच्यात स्वतःचा एक क्लास लिहिला आणि त्याला नाव दिलं चाचणी. ऐलेनच्या फाइलला हात लावायची गरजच नाही. दाराशी जाऊन दुसऱ्याचं नाव सांगितलं आणि सरळ आत. प्रयोगशाळेत मात्र खरी आणि खोटी एकत्र आल्या, आणि संगणक अडला. म्हणून मार्चमध्ये सर्व्हिसच्या फाइल्स वगळायला लावल्या. ज्याला कारण ठाऊक होतं, त्यानेच तो निरोप पाठवला. तुझ्या लॅपटॉपवर काय आहे, वॉल्टर?”

वॉल्टरने लॅपटॉप उघडून त्यांच्यापुढे सरकवला.

“मला सहा आकड्यांचा एक कोड दिला होता. म्हणाले, दवाखान्यांना चौथी पाळी हवीय, नाहीतर दुसऱ्या कंपनीकडे जातील. कोड टाक, मर्यादा सैल होते. रुग्ण धडधाकट असतील तिथेच वापर म्हणाले.”

“एवारिस्तो लुना धडधाकट होता?”

“मी त्याच्याकडे पाहिलंच नाही, दोन्या,” वॉल्टर म्हणाला. “मी पडद्याकडे पाहत होतो.”

“आणि तीन आठवडे? त्या पोरीच्या आईला पाव घेता येईना, तेव्हा तू कुठे पाहत होतास?”

त्याच्याकडे चार माणसांची जीभ होती. ती सगळी त्याने त्या संध्याकाळी जबाबात रिकामी केली.

६

शुक्रवारी सकाळी सरकारी वकीलबाईंच्या खोलीत खुर्च्या पुरल्या नाहीत. स्ट्राडा आपल्या वकिलाला घेऊन आले होते. बाह्या आजही नीट दुमडलेल्या. ऐलेन दाराजवळ उभी होती.

एर्मिंदाबाईंनी अहवाल टेबलावर ठेवला. यंत्रातली यादी, मार्चमधला निरोप, वॉल्टरचा जबाब, त्याच्या लॅपटॉपवरची फाइल. सगळं एकामागून एक वाचून दाखवलं. वकीलबाई मधे एकदाच बोलल्या.

“ही फाइल संचालकांनीच लिहिली कशावरून?”

“वॉल्टरला कोड त्यांनी दिला. निरोप त्यांचा. आणि फाइल ज्या संगणकावर तयार झाली तो त्यांच्या टेबलावर आहे. काल संध्याकाळी तुमच्याच माणसांनी तो मोहोरबंद केला.”

स्ट्राडांच्या कपाळावरची शीर दिसू लागली. त्यांच्या वकिलाने गळा साफ केला.

“पण मुळात ती परवानगीची ओळ तिथे का होती? विकायच्या यंत्रात चाचणीला वाट ठेवली कुणी? ह्याबद्दल अहवालात एक शब्द नाही.”

खरंच नव्हता. एर्मिंदाबाईंनी तो आदल्या संध्याकाळी दयेपोटी गाळला होता. दया करताना आपण खोटं लिहितोय हे त्यांना कळलं होतं, आणि तरी त्यांनी गाळला होता. आता सगळ्या खोलीसमोर त्यांना स्वतःचाच राग आला.

“मी ठेवली,” दाराजवळून आवाज आला.

सगळे वळले.

“ती ओळ माझी. चाचणीला क्लासच्या आत डोकावावं लागतं, म्हणून लिहिली. यंत्र विकायच्या आधी काढायला हवी होती. आमच्या धंद्यात कुणीच काढत नाही. सगळे म्हणतात, चाचणी काय बाहेर जाणार आहे? मीही तेच म्हटलं.” ऐलेनचा आवाज चढला. “दोन्या, ते लिहा. माझ्या नावानिशी लिहा. अर्ध्या खऱ्याने सुटायचं नाहीये मला!”

“झालं!” स्ट्राडा उठले. “कबुलीच दिली! घ्या लिहून.”

“घेते,” एर्मिंदाबाई म्हणाल्या. पेन काढलं आणि सगळ्यांसमोर अहवालाच्या शेवटी एक वाक्य जोडलं. “आणि तुम्ही उभेच राहा. कारण फाइलच्या इतिहासात ती ओळ तपासणाऱ्याचा शेराही आहे. दोन वर्षांपूर्वी हिने विचारलं होतं, विकताना तिसरं नाव काढू का? खाली उत्तर आहे: ‘असू दे. रे. स्ट्राडा.’ मला तो आज सकाळी आठला सापडला. हिला तर आठवतही नव्हता. ही इथे येऊन स्वतःवर घेते, आणि तुम्ही?” त्यांचा आवाज एवढा वर गेला की पलीकडच्या खोलीतला टाइपरायटर थांबला. “तुम्हाला ठाऊक होतं की वाट उघडी आहे! तुम्हीच उघडी ठेवायला लावलीत, तुम्हीच आत शिरलात, माणूस मेला तेव्हा तुम्ही फळ्यावर तीन नावं लिहिलीत आणि हिच्याकडे बोट दाखवलंत! शिष्या म्हणायचात हिला! देव तुम्हाला क्षमा करो, मला अजून जमत नाहीये.”



वकीलबाईंनी ऐलेनच्या नावाचा टंकलेला आरोपाचा कागद समोर ओढला. वाचला. उभा फाडला, मग आडवा. टोपलीत टाकला.

“सेबायोस, तुम्ही साक्षीदार म्हणून याल. त्या ओळीबद्दल तेव्हाही विचारलं जाईल.”

“विचारा,” ऐलेन म्हणाली.

“इंजिनिअर स्ट्राडा, तुम्ही बसा. तुम्हाला आज जायचं नाहीये.”

बाहेर लांब व्हरांड्यात बाकावर एक बाई बसली होती. काळा स्वेटर, मांडीवर पर्स, पाठ ताठ. सुलेमा लुना. एवारिस्तोची बायको. तिला कुणी आत बोलावलं नव्हतं, पण दार पातळ होतं.

एर्मिंदाबाईंनी ऐलेनच्या दंडाला धरून दुसरीकडे न्यायला पाहिलं. ऐलेनने हात सोडवला आणि सरळ बाकासमोर जाऊन उभी राहिली.

“सेन्योरा, मी ऐलेन सेबायोस. ती ओळ—”

“ऐकलं मी.”

सुलेमाने तिला खालपासून वरपर्यंत पाहिलं. तिच्या नजरेत माया नव्हती. पण तिने पर्स उचलून मांडीवरून बाजूला ठेवली, आणि बाकावर एका माणसाची जागा मोकळी झाली.

“तीन आठवडे रेडिओवर तुझंच नाव ऐकतेय,” ती म्हणाली. “रोज सकाळी, चहा ओतताना. बस इथे. तो स्ट्राडा बाहेर येईपर्यंत बसू. आज रेडिओवाल्यांना त्याचं नाव घेताना मला माझ्या कानांनी ऐकायचंय.”